चौथा नियम

२०२४ च्या गणपतीतली गोष्ट. इथे ओहायोत आमच्या एका मराठी मित्राकडे दीड दिवसाचा गणपती असतो. पंचवीस-तीस माणसं जमली होती. मोठी माणसं खाली गप्पांत, पोरं वरच्या मजल्यावर लपाछपीत. आरतीची वेळ झाली तेव्हा कापूर सापडेना. "वर बेडरूमच्या कपाटात, वरच्या खणात डबी आहे, आण रे जरा," मित्र म्हणाला. मी गेलो, खण उघडला. कापराची डबी होती. तिच्या शेजारी, एका जुन्या नॅपकिनखाली, पिस्तूल होतं.

आणि त्याच कपाटाच्या खालच्या भागात, वहिनींच्या साड्यांमागे, माझी आठ वर्षांची मुलगी श्वास रोखून लपली होती.

आपण काय सांगून बसलो ते मित्राला आठवलं असावं, कारण तो धावतच माझ्या मागे वर आला. "अरे, मागे त्या सोन्याच्या चोऱ्या झाल्या ना आपल्या लोकांकडे, तेव्हा घेतलंय. मॅगझिन काढून ठेवलंय, घाबरू नकोस," असं पुटपुटत त्याने खण बंद केला. आम्ही खाली आलो, आरती म्हटली. मी टाळ्या वाजवत होतो आणि डोक्यात एकच प्रश्न होता : मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं का? मला माहीत नव्हतं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची डिग्री, या देशात दहा वर्षं, आणि मुलीपासून चार फुटांवर असलेली वस्तू धोकादायक आहे की नाही हे मला सांगता येत नव्हतं.

हे अज्ञान पुढच्या एप्रिलमध्ये मला दोन दिवसांच्या रायफल प्रशिक्षणाला घेऊन गेलं. त्याबद्दल लिहितोय, कारण या विषयावर आपण मराठी मंडळी इथे एकमेकांशी बोलतच नाही. घराच्या व्याजदरापासून गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत सगळ्यावर बोलतो. बंदूक मात्र 'त्यांची' गोष्ट. बातम्यांत एखाद्या शाळेचं नाव आलं की ग्रुपवर हात जोडलेले इमोजी येतात, दोन दिवसांनी पुन्हा लोणच्याच्या ऑर्डरी सुरू. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत जवळपास ३२ टक्के प्रौढांनी आपल्याकडे बंदूक असल्याचं सांगितलं होतं. त्यात आपलेही असणारच, हे मला तो खण उघडेपर्यंत सुचलं नव्हतं.

ज्या प्रशिक्षणाला गेलो त्याचं नाव प्रोजेक्ट ॲपलसीड. स्वयंसेवक चालवतात, देशभरच्या रेंजवर शनिवार-रविवार होतं. लाल टोपीवाले प्रशिक्षक बिनपगारी. ऑफिसातला माझा एक सहकारी, निवृत्तीला टेकलेला, त्यांच्यापैकीच. त्यानेच नाव सुचवलं आणि लगेच विचारलं, "तुझा व्हिसा कुठला?"

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण एच-वन, एच-फोर, एफ-वनवरच्या वाचकांपैकी पुष्कळांना ती माहीत नसते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार (कलम ९२२) तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूकच काय, एक काडतूसही जवळ बाळगणं गुन्हा आहे. मित्राबरोबर गंमत म्हणून रेंजवर जाणंही त्यात येऊ शकतं, आणि जाणूनबुजून तुमच्या हातात बंदूक देणारा मित्रही अडकू शकतो. पुढे व्हिसाचं काय होईल ते वेगळंच. या नियमाला जे मोजके अपवाद आहेत त्यातला एक असा : तुमच्याकडे अमेरिकेतल्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना हवा. म्हणजे सरळ बंदूक शिकायची तर वाट जंगलातून. तेव्हा मी, ज्याने आयुष्यात बांगड्याखेरीज कशाची शिकार केली नाही आणि तीही रत्नागिरीच्या बाजारात, तो शिकारी-सुरक्षेचा अभ्यासक्रम करून परीक्षा पास झालो. परवाना घरी आला तेव्हा माझ्या पक्क्या शाकाहारी पुणेरी बायकोने तो चिमटीत धरून फ्रिजवर लावला, विजेच्या बिलाशेजारी. (हा लेख म्हणजे कायद्याचा सल्ला नव्हे. जाण्याआधी आपल्या वकिलाला विचारा.)

बायकोचा विरोध होताच. मुलीच्या शाळेत दर काही महिन्यांनी दिवे घालवून, दार लावून, कोपऱ्यात गप्प बसायची तालीम होते. "ती जिच्यासाठी अंधारात बसते, ती गोष्ट तू हौसेने शिकायला चाललास?" तिने विचारलं. याला माझ्याकडे तेव्हा धड उत्तर नव्हतं. आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कानात कापूस घाल हो. आजोबांना एका कानाने शेवटी शेवटी ऐकू येत नव्हतं."

आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. कोकणात शेती-संरक्षणाचा परवाना काढून डुकरा-माकडांसाठी ठेवतात तशी. वरून दारू ठासायची, मग छर्रे, मग पुन्हा ठासायचं. माझ्या आठवणीत ती बंदूक उडाल्यापेक्षा पोलीस ठाण्यात जमा झालेलीच जास्त वेळा आहे, कारण निवडणूक लागली की ती जमा करावी लागे. आजोबा ती गोणपाटात गुंडाळून एसटीने घेऊन जायचे. मी स्वतः अकरावीत एनसीसीच्या कॅम्पमध्ये सतरंजीवर पालथं पडून पॉइंट टू-टू ची पाच काडतुसं उडवली होती. पाचही कुठे गेली ते आजवर कळलेलं नाही.

तर एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सकाळी आठला, कडक थंडीत, शेताडीतल्या एका रेंजवर पोचलो. वीसेक माणसं होती : शेतकरी, एक नर्स, दोन कॉलेजकुमार, एक बाप आणि त्याची अकरा वर्षांची मुलगी. गव्हाळ रंगाचा मी एकटाच. लोक काय म्हणतील याची धाकधूक होती, पण कुणी काहीच म्हटलं नाही. एका आजोबांनी मला चटई अंथरून दिली. एवढ्यावरून सगळ्या अमेरिकेबद्दल मत बनवत नाही, त्या दिवशीचं सांगतोय.

पहिला तासभर एकही गोळी नाही. फक्त चार नियम. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला. हुकूम मिळाल्याशिवाय बंदूक भरायची नाही. नेम लक्ष्यावर येईपर्यंत बोट चापाबाहेर. आणि चौथा : आपल्या आजूबाजूचे लोक हे नियम पाळताहेत याची खात्री करणं हेही तुमचंच काम. पहिले तीन नियम कुठेही सापडतील. चौथ्याने मी जरा चमकलो. आपल्याकडे 'दुसऱ्याच्या भानगडीत पडू नये' हा संस्कार. इथे दुसऱ्याच्या भानगडीत पडणं हा नियमच.

त्याचा प्रत्यय तासाभरातच आला. गोळीबार थांबवण्याचा हुकूम झाला, मी उठून बसलो, आणि शेजारच्या चटईवरची ती अकरा वर्षांची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, तुमचं बोट." माझं बोट चापावर होतं. बंदूक रिकामी होती, पण ते तिला कुठे माहीत, आणि खरं तर मलाही कुठे खात्रीने माहीत होतं? मी बोट काढलं, "थँक यू" म्हटलं. कुणी हसलं नाही, तिच्या बापाने "मोठ्यांना असं बोलू नये" म्हटलं नाही. तिने तिचं काम केलं होतं.

पहिल्या दिवशी सगळं २५ मीटरवर. लक्ष्यं मात्र लहान होत जाणारी, म्हणजे १०० यार्डांपासून ४०० यार्डांपर्यंत उभा माणूस जेवढा दिसेल तेवढी. सुरुवातीलाच जो कागद लावतात त्यावर लाल डगलेवाल्या इंग्रज सैनिकांच्या आकृत्या असतात, तेरा गोळ्या. लाल ठोकळाच तो, पण त्याला खांदे होते. पहिल्या गोळीला माझा हात थबकला. मी हे प्रशिक्षकांना सांगितलं. बाई म्हणाल्या, थबकलास ते चांगलंच आहे. तरीही सांगतो, गोल वर्तुळं असती तर मला जास्त बरं वाटलं असतं. माझं हे मत दोन दिवसांनंतरही बदललेलं नाही.

लाल डगल्यांचं कारण इतिहास. जेवणाच्या सुट्टीत आणि मधे मधे ते १९ एप्रिल १७७५ ची गोष्ट सांगतात. आदल्या रात्री सुमारे सातशे इंग्रज सैनिक बोस्टनहून निघाले ते कॉनकॉर्ड गावातली दारूगोळा-हत्यारं जप्त करायला. पहाटे लेक्सिंग्टनच्या मैदानात आठ गावकरी मेले. मग कॉनकॉर्डचा पूल, आणि मग बोस्टनपर्यंत दिवसभर झाडा-भिंतींआडून पाठलाग. अ‍ॅक्टन गावचा आयझॅक डेव्हिस हा तरुण बंदुका बनवणारा कारागीर, चार मुलांचा बाप, पुलावर पहिल्या फैरीत पडला. त्या आठवड्यात या घटनेला अडीचशे वर्षं झाली होती, त्यामुळे सांगणाऱ्याचा गळा भरून येत होता. माझ्या डोक्यात मात्र आजोबांचं गोणपाट. सांगणाऱ्याला म्हटलं, याच साम्राज्याने शंभर वर्षांनी आमच्याकडे फौज पाठवली नाही, १८७८ चा हत्यार कायदा केला. परवान्याशिवाय हत्यार नाही, आणि युरोपियनांना मात्र सूट. काँग्रेसने पहिल्या काही वर्षांतच त्याविरुद्ध ठराव केले होते. त्याला हे अगदी नवीन होतं. तो वहीत लिहून घ्यायला लागला. मी त्याला हेही सांगितलं की तो कायदा गेला, १९५९ साली आमचा स्वतःचा आला, आणि परवाना तरीही राहिला. आणि आमच्या गावात त्याबद्दल कुणाची तक्रार ऐकली नाही. हे त्याने लिहून घेतलं नाही.

(जाता जाता : त्या दिवशीच्या गावकऱ्यांकडे बहुतेक साध्या नळीच्या मस्केट होत्या, आजोबांच्या बंदुकीच्या जातकुळीतल्या. त्यांनी ४०० यार्डांवर काही टिपणं अवघडच.)

आता नेमबाजी. मला वाटलं होतं नजर आणि हाताचा प्रश्न असेल. तो निघाला आळशीपणाचा, चांगल्या अर्थाने. बंदूक स्नायूंनी धरायचीच नाही. चामड्याचा पट्टा दंडाला आवळून, कोपर जमिनीला टेकवून, तिला हाडांवर ठेवायचं. मग डोळे मिटायचे, एक श्वास घ्यायचा-सोडायचा, डोळे उघडायचे. नेम जिथे असेल तिथेच तुमचं शरीर खरं रोखलेलं आहे. तो लक्ष्याच्या डावीकडे दिसला तर हातांनी उजवीकडे ओढायचा नाही. पोटाखालून सबंध शरीर सरकवायचं आणि पुन्हा डोळे मिटायचे. हातांनी ओढलेला नेम चाप दाबताना परत जागेवर जातो. प्रॉडक्शनमधला बग मुळाशी न जाता वरवर दाबला की शुक्रवारी संध्याकाळी तो जसा परत येतो, तस्संच.

श्वास सोडल्यावर पुढचा घ्यायच्या आधी जो एक निवांत क्षण असतो, त्यात चाप मागे न्यायचा. बाबा रोज पहाटे प्राणायामात ज्याला बाह्य कुंभक म्हणतात तोच हा, हे ओहायोच्या शेतात पालथं पडल्यावर कळलं. गोळी सुटल्यावरही चाप लगेच सोडायचा नाही. आणि सगळ्यात अवघड भाग : गोळी कुठे लागली ते बघण्याआधी तोंडाने सांगायचं. "उजवीकडे, जरा खाली." कारण चाप दाबला त्या क्षणी नेम कुठे होता हे तुम्हाला माहीत असतंच, फक्त कबूल करायचं नसतं. पहिल्या दिवशी मी दर वेळी "मधोमध" म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी खऱ्या अंतरावर. सहकाऱ्याची थ्री-ओ-एट रायफल, वर दुर्बीण. ४०० यार्ड म्हणजे चार फुटबॉल मैदानं एकापुढे एक. इथे गणित आलं आणि मी जरा माणसात आलो. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. एक मिनिट कोन १०० यार्डांवर साधारण १ इंच होतो, ४०० वर ४ इंच. १०० वर नेम जुळवलेली बंदूक ४०० वर तशीच उडवली तर गोळी तीनेक फूट खाली जाते. तेवढे इंच, त्यांची मिनिटं, त्या मिनिटांचे दुर्बिणीच्या चकतीवरचे टकटक. वाऱ्याचं गणित मात्र बसेना. आडवा वारा ताशी दहा मैलांचा असला तर त्या अंतरावर गोळी फुटाहून जास्त सरकते, आणि ओहायोतला एप्रिलचा वारा एका जागी एक तर दोनशे यार्डांवर दुसरा. प्रशिक्षक बाई म्हणाल्या, गवताकडे बघ. लॅपटॉपवर जगणाऱ्या माणसाने किती वर्षांनी अर्धा तास नुसतं गवताकडे बघितलं, काय सांगू!

दुपारी शेवटी रेंजवाल्यांच्या टांगलेल्या लोखंडी पाटावर गोळी मारायला दिली. चाप दाबला. गोळीला तिथे पोचायला अर्धा सेकंद, आवाजाला परत यायला सेकंदभर. त्या दीड सेकंदात काही करता येत नाही. गेलेली गोळी परत बोलावता येत नाही, एवढंच त्या शांततेत लख्ख कळतं. मग दुरून 'टण्ण' आलं. देवळातल्या घंटेसारखं.

आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू. खूप झाला, आणि घरी येताना गाडीत त्या आनंदाचीच जरा भीती वाटली.

परीक्षेत चाळीस गोळ्या, अडीचशे गुण, २१० ला बिल्ला. मला १८७. उभ्याने दोन मिनिटांत दहा गोळ्या मारताना माझ्या गोळ्या २५ मीटरवर बशीएवढ्या जागेत पसरल्या होत्या. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं ते दुप्पट अंतरावर, ५० मीटरवर, आणि तिथे दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं. टीव्हीवर ती फायनल बघताना मी "अरे, नऊ पॉइंट काहीच?" असं म्हणालो होतो. आता तोंड उघडणार नाही. शेजारच्या त्या मुलीला २१४ मिळाले.

आता मुद्द्याचं. काही वाचक म्हणतील, हा तिकडे जाऊन त्यांच्यातलाच झाला. झालो नाही. माझ्या घरात बंदूक नाही आणि मी घेणारही नाही. सहकाऱ्याची रायफल रविवारी संध्याकाळी त्याच्या तिजोरीत गेली. या देशात २०२० पासून १ ते १९ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण बंदुका आहेत, हे मी विसरलेलो नाही, आणि चार नियम पाठ असल्याने ते बदलेल असंही मानत नाही. ते काम कायद्याचं आहे. पण कायदा बदलेपर्यंत आपली मुलं ज्या घरांत खेळायला जातात, ती आजच्या कायद्यातली घरं आहेत. आपण शेंगदाण्यांची ॲलर्जी विचारतो, घरात कुत्रा आहे का विचारतो, आणि "तुमच्याकडे बंदूक आहे का, कुलपात असते का" हे विचारायला लाजतो. इथले बालरोगतज्ज्ञ तर सांगतात, विचारा म्हणून. लाज वाटते कारण त्या वस्तूबद्दल आपल्याला काही कळत नाही, आणि न कळणाऱ्या विषयावर प्रश्न विचारला तर समोरचा काय म्हणेल! माझी ती लाज त्या दोन दिवसांत गेली. बिल्ल्यापेक्षा मला ते मोठं वाटतं.

आणि आपल्यापैकी ज्यांनी घेतली आहे, चोऱ्यांच्या भीतीने, कुणाला न सांगता, त्यांना तर माझं म्हणणं जास्तच आहे. दुकानात पंधरा मिनिटांत घेतलेली वस्तू नॅपकिनखाली ठेवून संरक्षण होत नाही. आधी दोन दिवस कुठेतरी जाऊन शिका. माझ्या ओळखीच्या चार जणांना मी हे सांगितलं. दोघांनी विषय बदलला. तिसऱ्याने हळू आवाजात विचारलं, "पुढचं कधी आहे?" चौथा म्हणजे तो गणपतीवाला मित्र.

त्याच्याकडे मे महिन्यात गेलो. मुलं अंगणात होती. म्हटलं, मला त्या दिवसापासून झोप नाही, एकदा बघूया. तो कुरकुरत वर आला. "सांगितलं ना, मॅगझिन काढलेलं आहे." मी विचारलं, "आणि आत?" तो माझ्याकडे बघत राहिला. मॅगझिन काढलं तरी नळीच्या मागच्या बाजूला एक काडतूस राहू शकतं, हे त्याला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तोंड बाहेरच्या भिंतीकडे, बोट बाहेर, वरचा भाग मागे खेच, आता आत बघ, बोट घालून चाचपून बघ. त्याचे हात थरथरत होते. माझेही.

आत काही नव्हतं.

तो पलंगावर बसला. बराच वेळ कुणी बोललं नाही. खालून वहिनी चहाला हाका मारत होत्या. मग तो उठला, फोन काढला आणि कुलपाच्या पेट्या शोधायला लागला. "बोटांचे ठसे घेणारी बरी की आकड्यांची?" त्याने विचारलं. "तुझ्या पोराला माहीत नसलेल्या आकड्यांची," मी म्हटलं.